मुतखड्यासाठी पुन्हा सीटी करायचा का?

प्रश्न : आमचे हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत. वय चाळीस, अंगाने बारीक. मुतखडा दुसऱ्यांदा झालाय. गेल्या वर्षी पोटाचा सीटी स्कॅन झाला होता, आता डॉक्टरांनी परत लिहून दिलाय. शेजारी म्हणतात, एका सीटीत शंभर एक्स-रेंएवढे किरण जातात, कॅन्सर होतो. नको म्हणू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, नको म्हणू नका. पण ‘लो डोस, म्हणजे कमी किरणांचा स्कॅन होईल का?’ एवढं नक्की विचारा.

शंभराचा आकडा खोटा नाही. छातीच्या एक्स-रेत ०.१ मिलिसिव्हर्ट (किरण मोजायचं माप) किंवा त्याहून कमी किरण जातात, पोटाच्या नेहमीच्या सीटीत ८ ते १०. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ तसेही मिळतातच. एका स्कॅनने कॅन्सरचा धोका वाढतो तो अगदी थोडा. तरी विनाकारण एकही स्कॅन होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मुतखड्याला मुळात एवढे किरण लागतच नाहीत. सीटीत खडा पांढराफटक दिसतो. किरण कमी केले की चित्र दाणेदार येतं, पण खडा लपत नाही. म्हणून लो डोस स्कॅन ३ मिलिसिव्हर्टच्या आत उरकतो. फार स्थूल पेशंटला तो पुरत नाही. तुमच्या यजमानांना ती अडचण नाही. खड्यासाठी बहुतेक वेळा चित्र उठून दिसावं म्हणून देतात त्या औषधाच्या (कॉन्ट्रास्टच्या) इंजेक्शनशिवायचा साधा स्कॅन पुरतो. ते इंजेक्शन देऊन दोन-तीनदा स्कॅन घेतला, की दरवेळी किरण नव्याने जातात.

गेल्या वर्षीची सीडी आणि रिपोर्ट बरोबर न्या. तो खडा साध्या एक्स-रेत दिसणारा असेल, तर पुढची तपासणी सोनोग्राफी आणि एक्स-रेवर भागते का, हे डॉक्टरांना विचारा. सोनोग्राफीत हे किरण नसतातच.

मी सीटीची टेक्निशियन आहे, म्हणून टेबलावरचंही सांगते. चांदीचा करदोटा आणि पट्टा आधीच काढून ठेवायला सांगा. धातूमुळे चित्रात रेघा उमटतात. हात डोक्यावर घ्यायचे. पेशंट बरोबर मध्यभागी नसला तर किरणांचं प्रमाण ठरवताना मशीनचा अंदाज चुकतो, म्हणून आम्ही टेबल वर-खाली करत बसतो. तेवढा धीर धरा. कळ सोसवत नसेल तर दुखणं थांबवायचं इंजेक्शन लागू पडेपर्यंत थांबू द्या. कळवळणारा माणूस हलतो आणि स्कॅन परत घ्यावा लागतो, म्हणजे किरण दुप्पट. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ याचा सराव मी प्रत्येकाकडून आधी करून घेते.

मागाजवळ उकाड्यात घाम फार जातो. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल, तर लघवी फिकट राहील एवढं पाणी कामावर प्यायलाच हवं.

दुखण्याबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर किरणांचा विचार बाजूला ठेवा. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा आणि सांगतील तो स्कॅन करून घ्या.