देवगडच्या शिबिरात एआयने आईच्या एक्स-रेवर टीबीचा संशय दाखवला. लगेच औषधं सुरू करायची का?

नाही, नुसत्या एआयच्या निकालावर टीबीची औषधं सुरू होत नाहीत. आधी बेडका तपासायचा. शिबिरातल्या हातात धरायच्या एक्स-रे मशीनचं सॉफ्टवेअर फक्त संशयित निवडून काढतं. फुफ्फुसातला जुना, बरा झालेला व्रण किंवा धुळीने पडलेले डागही त्याला खटकू शकतात, त्यामुळे आईंना पूर्वी टीबी झाला असेल किंवा त्या चिरेखाणीवर धुळीत राबल्या असतील, तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. पुढची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी (बेडक्यात टीबीचे जंतू आहेत का ते बघणारी) सरकारी दवाखान्यातून मोफत होते. सकाळचा, खोकून काढलेला बेडका द्या, नुसती थुंकी चालत नाही (इथेच निम्मे नमुने वाया जातात असं मला वाटतं).

धोरणही हेच सांगतं. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआयवर माणसाची देखरेख हवी आणि रुग्णाची संमतीही. ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, पण निदानाचं सॉफ्टवेअर २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं.

एक मात्र लक्षात ठेवा: बेडका निगेटिव्ह आला तरी लक्षणं आणि एक्स-रे बघून डॉक्टर उपचार सुरू करू शकतात. तो निर्णय त्यांचा, मशीनचा नाही.