डोहाळे कडक लागलेत? आधी एवढंच कर

बाई गं, पाणीसुद्धा ठरत नाही म्हणतेस, दिवसभर असंच असेल तर आधी आजच दवाखाना गाठ. अधूनमधून ठरत असेल, तर 'आता दोघांचं खा' हे बोलणं सध्या कानाआड कर. माझ्या वेळी सासूबाई मायेनं पिठलं-भाकरी वाढायच्या, अन् लसणाच्या फोडणीचा वास आला की मी मोरीकडे पळायचे.

- उठायच्या आधी, पडल्यापडल्याच मूठभर ज्वारीच्या लाह्या चाव. मग १५ मिनिटांनी सावकाश उठ.
- पोट रिकामं ठेवू नकोस, त्यानं मळमळ वाढते. दर दोन तासांनी दोन घास, बस.
- पाणी तांब्यानं नको, चमच्या-चमच्यानं. ओआरएस चालतं.

मोठी चूक मी केली: 'डोहाळेच ते' म्हणत अंगावर काढलं. शेवटी तालुक्याला जाऊन सलाईन लागली. ८ तास लघवी नाही किंवा ती गडद, उभं राहिलं की चक्कर, दिवसभर पाणीही टिकत नाही, उलटीत रक्त. यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. गरोदरपणात चालणाऱ्या उलटीच्या गोळ्या असतात, डॉक्टरांना विचार. मेडिकलवरून मनानं आणू नकोस.

बहुतेकींचं १६ ते २० आठवड्यांपर्यंत ओसरतं. फॉलिकची गोळी सकाळी उलटीत पडत असेल तर रात्री घे, बंद मात्र करू नकोस.