कापडी लंगोट की डिस्पोजेबल डायपर? मुंबईत, भर पावसाळ्यात होणाऱ्या बाळासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिलं बाळ ऑगस्टच्या सुरुवातीला होणार, घर वनरूम किचन, पाणी सकाळी दोन तास. आई म्हणते, "डायपरने पाय फेंगडे होतात, लंगोटच वापरा." बायकोने ऑनलाइन बघून खिशाचे क्लॉथ डायपर बारा नग निवडून ठेवलेत. आणि तिसरा मार्ग म्हणजे सरळ डिस्पोजेबल.

खरी गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही. धुणार कोण आणि वाळत घालणार कुठे? आमच्या घरी बाळुती मी धुतली, दोन पावसाळे, म्हणून हे ठासून सांगतो. बाळंतिणीला टाके असताना मोरीत उकिडवं बसून बादलीभर बाळुती पिळायला लावणार असाल, तर "कापडच चांगलं" हे मत मांडायचा तुम्हाला अधिकार नाही. धुणारे तुम्ही असाल तर पुढचं वाचा.

आईचं कापड बरोबर आहे, कारण चुकीचं आहे. तान्ह्या बाळाचे पाय मुळातच बाकदार असतात. पोटात घडी घालून नऊ महिने काढलेले असतात, ते चालायला लागल्यावर दीड-दोन वर्षांपर्यंत हळूहळू सरळ होतात. मांड्यांमधल्या जाडीने पाय वाकत असते तर घडीच्या लंगोटाने आधी वाकले असते, तो डिस्पोजेबलपेक्षा जाड असतो. मांड्या थोड्या फाकलेल्या राहणं खुब्याच्या सांध्याला बरंच. सांध्याला त्रास होतो तो पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट आवळल्याने. ते मात्र बऱ्याच घरांत होतं आणि त्यावर कोणी बोलत नाही.

आता बायकोच्या यादीकडे. खिशाचा डायपर म्हणजे बाहेर पीयूएलचं, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड, आत फ्लीस, आणि मधल्या खिशात घालायची शोषक पट्टी. दिवाळीनंतर उत्तम वस्तू आहे. पण ती पट्टी तीन-चार थर एकत्र शिवलेली असते. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवेत पाणीच तरंगत असतं. ग्रिलला लावलेली पट्टी वरून हाताला कोरडी लागते, पण दोन बोटांत दाबली की आतला थर गार. तशीच वापरली की तिसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटासारखा वास येतो. बारा नग काय, चोवीस घेतले तरी जुलैत पुरत नाहीत, कारण निम्मे कायम दोरीवर. शिवाय एकाच मापाचे म्हणून विकले जाणारे हे डायपर अडीच-तीन किलोच्या बाळाला मांडीशी सैल बसतात आणि तिथूनच गळतात. साधारण साडेचार-पाच किलोनंतर नीट बसतात, म्हणजे ऑगस्टच्या बाळाला ऑक्टोबरच्या आसपास. आत्ता घेऊ नका.

पावसात चालतं ते एकेरी कापड. सव्वादोन फुटांचा म्हणजे साधारण 70 सेंटीमीटरचा सुती चौकोन. आधी अर्धा, परत अर्धा, म्हणजे 35 बाय 35 ची चौपदरी घडी. तिची उभी तीन पदरात घडी घातली की सुमारे 12 सेंटीमीटर रुंद, 35 लांब अशी पट्टी होते आणि तिला बारा थर येतात. लांबी जास्त होते ती मुलगा असेल तर पुढे दुमडा, मुलगी असेल तर मधोमध. ही पट्टी वॉटरप्रूफ कव्हरमध्ये ठेवायची आणि कव्हर बाळाला लावायचं. कव्हर नवजात मापाचंच घ्या, चार-पाच पुरतात. ते फक्त शी लागली किंवा वास आला तरच धुवायचं, एरवी पुसून पुन्हा तेच. ओली पट्टी उलगडली की हातात परत एकच थर राहतो. मशीनमध्ये नीट पिळून पंख्याखाली दोरीवर टाकलात तर भर जुलैतही पाच-सहा तासांत वाळतो. बारा थरांची शोष आणि एका थराची वाळण, हे दोन्ही एकाच वस्तूत मिळत असताना खिशाच्या डायपरसाठी तीनशे ते आठशे रुपये नगाला मोजायची गरज नाही.

कापड कुठलं? सगळ्यात उत्तम म्हणजे घरातली जुनी सुती साडी किंवा धोतर. आजीच्या नऊवारीतून भरपूर चौकोन निघतात. वर्षानुवर्षं धुतल्याने धाग्यातलं नैसर्गिक मेण आणि खळ निघून गेलेली असते, त्यामुळे पाणी लगेच आत जातं. नवं घ्यायचं तर मंगलदास मार्केटमधून जाडसर मलमल घ्या. कापायच्या आधी एकदा गरम पाण्यातून काढा, आटतं. पिको-फॉलवाल्याकडून कडा ओव्हरलॉक करून घ्या. नवं कापड वापरात आणण्याआधी पाच-सहा धुण्या द्या, नाहीतर शू वरून घरंगळून पाठीत जाते आणि दोष कापडाला लागतो.

नग किती? पहिल्या महिन्यात दिवसाला दहा-बारा बदलाल. एक वापरात, एक धुण्यात, एक वाळण्यात, म्हणजे 36 लागतात. पावसाळ्यासाठी मी 45 म्हणेन. बाळंतविड्यात येणारे ते नाडीचे छोटे लंगोट यात धरू नका. ते दिसायला गोड, पण एका शूत दुपट्यासकट सगळं भिजतं.

धुण्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कापड सोडून देणारी दहातली नऊ घरं इथेच सोडतात.

शी आधी संडासात, जेटने उडवून. मग गार पाण्यात खळबळून घ्या. आधीच गरम पाणी घातलं तर डाग बसतो. बादलीत रात्रभर भिजत ठेवू नका. कुजट वास धरतं, आणि पुढे रांगणाऱ्या मुलासाठी पाण्याने भरलेली बादली जिवावरचं काम आहे. पिळून जाळीच्या टोपलीत ठेवा. पावसाळ्यात रोज धुवा, एरवी दोन दिवसांआड चालेल. मशीनमध्ये आधी गार पाण्याची एक छोटी धुणी, मग 60 अंशांवर मुख्य धुणी, मग साबणाचा फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळ. ड्रम दोन तृतीयांशच भरा. सर्वात जोरदार स्पिन लावा. कव्हरं मात्र 40 अंशांवर, पिळायची नाहीत, इस्त्रीखाली तर नाहीच नाही.

"बाळाचं म्हणून" चमचाभर पावडर टाकतात ती सर्वात मोठी चूक. बाळुत्यात लघवी आणि विष्ठा असते, त्याला साबणाची पूर्ण मात्रा लागते. ती नीट खळबळून काढायची असते, कमी टाकायची नसते. अर्धवट धुतलेल्या कापडात जिवाणू उरतात, पुढच्या शूतल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो. आमच्याकडे हे मे महिन्यात सुरू झालं. साबण तोच, मशीन तेच. बदललं होतं पाणी: सोसायटीत टँकर येऊ लागला होता. पालिकेचं तलावांचं पाणी मऊ, टँकरचं बहुतेक वेळा बोअरचं, जड. जड पाण्यात निम्मा साबण क्षारांशीच खर्ची पडतो, फेस येत नाही, मळ तसाच राहतो. धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे मुख्य धुणीत टाकायला लागलो आणि तीन धुण्यांत वास गेला. तुमच्याकडचं पाणी ओळखायला अंगाचा साबण हातावर चोळा. चिकट साका येत असेल तर पाणी जड.

कापड खरंच स्वच्छ आहे का, हे वाळलेल्या लंगोटावर कढत पाणी ओतून वास घेतला की कळतं. आणि शोषतंय का, हे बघायला त्यावर चमचाभर पाणी टाका. पाण्याचा थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला, तर कापडावर थर चढलाय. तो बहुतेक कम्फर्टसारख्या फॅब्रिक सॉफ्टनरचा असतो, नाहीतर रॅशच्या झिंक ऑक्साइडच्या मलमाचा. सॉफ्टनर पूर्ण बंद करा. मलम लावायचं असेल त्या दिवशी आत वेगळा कापडाचा तुकडा ठेवा, तो वेगळा धुवा. शेवटच्या पाण्यात डेटॉल टाकायची सवयही सोडा, ते कापडात राहतं आणि त्वचेला झोंबतं. दोरीवरच्या कपड्यांना धुरी देणं तर तान्ह्या फुप्फुसांसाठी वाईटच. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा, उरलेली ओल निघते.

"कापडाने रॅश होत नाही" हे वाक्य मला कायम ऐकवलं गेलंय आणि ते खोटं आहे. कापड ओलं झालं की ओलंच राहतं, बाळाची त्वचा त्यात भिजत पडते. डिस्पोजेबलमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेटची पावडर असते, ती शू धरून जेल करते आणि वरचा थर बऱ्यापैकी कोरडा ठेवते. रॅश होते ती वेळेवर न बदलल्याने, दोन्हीत. कापड ओलं झालं की लगेच, डिस्पोजेबल तीन-चार तासांनी, आणि शी झाली की दोन्ही त्याच मिनिटाला बदला. डिस्पोजेबलवरची मधली पिवळी रेघ निळी झाली म्हणजे ओलं झालं, इतकाच तिचा अर्थ. "भरला" असा नाही. जाहिरातीत निळं पाणी पेलाभर ओतून दाखवतात ते मनावर घेऊ नका. लघवीत क्षार असतात, आणि क्षारांमुळे ते जेल साध्या पाण्यापेक्षा बरंच कमी धरतं. (चुकून डायपर मशीनमध्ये गेला आणि सगळ्या कपड्यांना जेलीचे गोळे चिकटले, तर याच कारणाने मूठभर मीठ टाकून खळबळा. जेल पाणी सोडतं, गोळे आक्रसतात.)

डिस्पोजेबल घेताना नवजातासाठी टेपचाच घ्या, पँटचा नको. पुढची कड नाळेच्या खाली दुमडा, मांडीच्या झालरी बोट फिरवून बाहेर काढा, मुलगा असेल तर शिश्न खाली वळवा, कमरेत दोन बोटं जाऊ द्या. वर पोटाशी गळती होते ती बहुधा शिश्न वर राहिल्याने, आणि लोक मात्र मोठा साइज आणतात. नवजात मापाचं मोठं पाकीट घेऊ नका, महिन्यात लहान होतं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: पहिल्या आठवड्यात कापड उपयोगाचं आहे ते मोजायला. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी. दूध पुरतंय की नाही याचा अंदाज यावरून येतो. डिस्पोजेबलमध्ये दोन शू झाल्या की चार, काही समजत नाही.

म्हणून तुमच्यासाठी मी असं करेन: दिवसा घरी एकेरी कापड आणि कव्हर, रात्री दहा ते सकाळी सहा, लसीकरणाला किंवा लोकलने कुठे जाताना डिस्पोजेबल. म्हणजे दिवसाला दोन-तीन. दहा रुपयांचा एक धरला तर महिन्याला सहाशे-नऊशे. सगळंच डिस्पोजेबल केलं तर दिवसाला आठ, म्हणजे चोवीसशे. पाणी दोनच तास म्हणता, तर मशीन त्याच वेळेत लावावं लागेल. ते जमत नसेल, किंवा तुम्ही सकाळी सातला निघून रात्री नऊला येत असाल आणि हाताशी मावशी नसेल, तर पहिले चाळीस दिवस पूर्ण डिस्पोजेबल लावा. आई काही म्हणाली तर धुण्याची वेळ तिला विचारा. बायकोला आळशी म्हणू देऊ नका. माझ्या घरी तो शब्द वापरला गेला होता. वापरणाऱ्यांपैकी एकानेही एक लंगोट पिळला नव्हता.

वापरलेला डिस्पोजेबल संडासात टाकायचा नाही. शी झटकून, टेपने गुंडाळी करून, कागदात बांधून, ओल्या कचऱ्यापासून वेगळा द्यायचा. गुंडाळून देणं 2016 च्या घनकचरा नियमांपासून बंधनकारक आहे. महापालिकेने 2025 मध्ये सॅनिटरी कचऱ्यासाठी वेगळी संकलन सेवाही सुरू केली. सोसायटीला तिथे नोंदणी करावी लागते, सेक्रेटरींच्या मागे लागा. उघडा टाकलेला डायपर शेवटी कोणीतरी हाताने वेगळा करतं.

उशिरा सुचलेलं, पण महत्त्वाचं. बाळ वेळेआधी झालं असेल किंवा वजन फार कमी असेल तर बालरोगतज्ज्ञ सांगतील ते करा, माझं नको. लालीवर टाल्कम पावडर मारू नका, नाकातोंडात जाते. लाली जांघेच्या घडीत शिरली आणि कडेला सुटे लाल ठिपके उठले तर बहुधा बुरशी असते, साध्या मलमाने जात नाही. फोड, पू किंवा ताप आला, अथवा तीन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि पाळणाघरात ठेवणार असाल तर आधीच विचारून घ्या, बरीचशी पाळणाघरं कापड घेतच नाहीत.