पहिल्यांदा पेंटापोर्टला जाताना

दक्षिण कोरियातल्या रॉक फेस्टिव्हलला जायची पहिलीच वेळ असेल, तर इंचॉन शहरातला पेंटापोर्ट रॉक फेस्टिव्हलच निवड. ऑगस्टच्या सुरुवातीला तीन दिवस असतो आणि इंचॉन विमानतळही त्याच शहरात, त्यामुळे प्रवासाची दगदग कमी. फेस्टिव्हल इंचॉनच्या सोंगदो भागातल्या मूनलाइट फेस्टिव्हल पार्कमध्ये भरतो आणि पार्कला त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे, इंचॉनच्या लाइन १ वर.

आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर तो लागतोच, म्हणून तिकिटाच्या आधी त्याची तयारी सुरू कर. फेस्टिव्हलचं तिकीट परदेशी लोकांसाठीच्या इंग्रजी साइटवरून घे. कोरियन साइटवर तिथल्या मोबाइल नंबरवरून ओळख पटवावी लागते, आपण तिथेच अडकतो. प्रवेशाला मूळ पासपोर्ट जवळ असू दे.

आता हवामान, आणि हे मनावर घे. 'जांगमा' म्हणजे तिथला पावसाळा साधारण जुलैअखेर सरतो, पण सर त्यानंतरही येते. 1999 मध्ये याच फेस्टिव्हलचा पूर्वज, ट्रायपोर्ट, पावसामुळे अर्ध्यावर बंद करावा लागला होता. छत्रीने मागच्यांना स्टेज दिसत नाही, म्हणून रेनकोटच ने. ऊन मात्र पावसापेक्षा जास्त छळतं. दमट हवा आपल्याला मुंबईत सवयीची, तरी दुपारपासून रात्रीपर्यंत मोकळ्या मैदानात उभं राहणं वेगळं. मी पहिल्या वर्षी दुपारचा एकही बँड सोडला नाही आणि रात्रीच्या मुख्य बँडच्या वेळी चक्कर येऊन खाली बसले. अजून हळहळ वाटते. दुपारी तासभर सावलीत बस, मिठाचं काहीतरी खा.

गुगल मॅप तिथे पायी रस्ता नीट दाखवत नाही, नेव्हर मॅप (Naver Map) हे कोरियन अ‍ॅप टाकून घे. मेट्रो-बससाठीच्या टी-मनी कार्डात पैसे भरायला रोख कोरियन वॉन ठेव. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते, त्यामुळे सोलऐवजी सोंगदोतच खोली घे.