आंब्याला ‘पायनी’ वास कुठून आला?

प्रश्न असा: एका इंग्रजी लेखात आंब्याच्या चवीचं वर्णन ‘पायनी’ असं केलंय. याचा ‘पाइनॲपल’शी, म्हणजे अननसाशी संबंध आहे का? आणि मराठीत काय म्हणावं?

अननसाशी संबंध आहे, पण लांबचा. ‘पायनी’ म्हणजे पाइनच्या झाडासारखा, आणि बहुतेक वेळा त्याच्या वासाचा. पाइन म्हणजे हिमालयात ज्याला चीड म्हणतात त्या जातकुळीतलं, सुयांसारख्या पानांचं झाड. (मराठीत ‘चिडीचा वास’ लिहून बघा, वाचणारा आधी कोण चिडलंय ते शोधेल.) कोकण किनाऱ्यावरचं सुरू पाइनसारखं दिसतं खरं, पण ते पाइन नव्हे. ‘पाइनॲपल’ हे आधी पाइनच्या शंकूचंच नाव होतं. अमेरिकेतलं नवं फळ त्या शंकूसारखं दिसलं म्हणून नाव त्याला चिकटलं. आपण ‘अननस’ पोर्तुगिजांकडून घेतला, त्यामुळे या घोटाळ्यातून सुटलो. झुरणे या अर्थाचं इंग्रजी ‘पाइन’ मात्र अगदी वेगळं. ते शिक्षा या अर्थाच्या लॅटिन ‘पोएना’वरून आलं, ‘पेन’ म्हणजे वेदनेचं भावंड.

झाडाचं नाव लॅटिन ‘पीनुस’वरून आलं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं वैदिक ‘पीतुदारु’शी लावतात. यातलं ‘दारु’ म्हणजे लाकूड, देवदारातलं तेच. मुळाशी पुष्ट होणे, भरणे असा अर्थ असलेला धातू मानतात, आणि ‘पीन’ म्हणजे पुष्ट हा संस्कृत शब्दही त्यातलाच. राळेने भरलेलं झाड, असा अर्थ मला तरी पटतो.

आता आंबा. झाडावरची कैरी देठापासून मोडली की जो चीक उडतो, त्याचा वास आठवा: उग्र, नाकात चढणारा, थोडा रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनसारखा. हे साम्य उगाच नाही. टर्पेंटाइन काढतात पाइनच्या राळेपासून, आणि पाइनच्या नावावरूनच ज्याला पायनीन म्हणतात ते द्रव्य टर्पेंटाइनमध्ये आणि आंब्याच्या चिकात, दोन्हीकडे सापडतं. गंमत म्हणजे ‘टर्पेंटाइन’ हे नाव मुळात पाइनचं नाहीच. ते टेरेबिंथ नावाच्या भूमध्य प्रदेशातल्या झाडाचं, आणि ते झाड आंब्याच्याच कुळातलं! हा चीक फळावर सांडला की साल काळी पडते, म्हणून झेल्याने आंबा देठासकट उतरवतात.

तेव्हा जंगलाचं वर्णन असेल तर ‘पाइनचा वास’ लिहावं, लोकांना कळतं. ‘पाइनगंधी’ मला नकली वाटतं. ‘देवदारी’ गोड आहे, पण देवदार हे निराळं झाड. आंब्याबद्दल असेल तर मी सरळ ‘चिकाचा वास’ म्हणेन. देठाजवळची फोड खाल्ली की आमच्या घरी कोणीतरी म्हणतंच, “चिकाळ लागतोय.” त्या इंग्रजी लेखकाला म्हणायचंय ते हेच.

आणि चीक हा शब्द पाइनलाही शोभतो. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात हिमालयातले हत्ती गाल खाजवायला सरल वृक्षांवर, म्हणजे चिडाच्याच झाडांवर, अंग घासतात आणि त्यातून पाझरणाऱ्या चिकाने डोंगरमाथे दरवळतात. कालिदास त्या चिकाला ‘क्षीर’ म्हणतो.