जुनी फायबरची होडी घेतलीय? रंग आणि इंजिन नंतर, आधी ट्रान्समला, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या फळीला, भोक पाडा

तुम्ही लिहिलंय : १८ फुटी जुनी फायबरची होडी, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन, दाभोळ खाडीत रविवारी बायकामुलांना घेऊन गरी टाकायला जायचंय. रंगाचं कोटेशन आलंय, इंजिन मेकॅनिककडे दिलंय, आणि "मागच्या फळीला जरा केसासारख्या चिरा आहेत, पुट्टी मारून चालेल ना?"

नाही चालणार. हाच प्रश्न मीही विचारला होता आणि "चालेल" हे उत्तर मिळालं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. मी बोटबिल्डर नाही. लाकडी होडीला किंवा इनबोर्डला (इंजिन होडीच्या आत असतं तिला) यातलं फारसं लागू नाही. घासणं, धुणं, वायरिंग बदलणं तुम्हाला कळतंच, त्यात शिरत नाही.

ज्या फळीवर इंजिन टांगलंय ते ट्रान्सम बाहेरून फायबर दिसतं, पण आत प्लायवूड असतं. साधारण ३६ ते ३८ मिमी प्लाय आणि दोन्ही बाजूंना चार-पाच मिमी फायबर. सत्तर-पंच्याहत्तर किलोचं इंजिन आणि त्याचा धक्का हे सगळं त्या प्लायवर. फायबर कुजत नाही, प्लाय कुजतं. पाणी शिरतं ते इंजिनाच्या बोल्टमधून, आतलं पाणी काढायच्या तळाच्या बुचाच्या भोकातून, आणि सर्वात जास्त वेळा कुणीतरी फिशफाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) सेन्सरसाठी पाण्याच्या रेषेखाली मारलेल्या दोन चिल्लर स्क्रूंमधून. तुमच्या त्या केसासारख्या चिरा इंजिनाच्या खाचेच्या कोपऱ्यातून तिरक्या खाली जात असतील, तर फळी वाकतेय असं समजा.

तपासणी अर्ध्या तासाची आहे. इंजिन लावलेलं असताना ते टिल्ट करा, म्हणजे तिरपं वर उचला, खालचा पाय धरून वरखाली दाबा आणि दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या कडेवर नजर ठेवायला सांगा. कड हलताना दिसली तर पुढच्या तपासणीचीही गरज नाही, प्लाय गेलंय. नाहीतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सगळीकडे ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. मग ड्रिल. ६ मिमीचा बिट, टोकापासून ३५ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळायची म्हणजे बाहेरचं फायबर फुटत नाही. भोक आतल्या बाजूनं, तळापासून दोन इंचांवर, बुचाच्या शेजारी पाडायचं. वर पाडू नका, वरचं प्लाय शेवटी कुजतं. निघालेला भुगा पांढऱ्या कागदावर घ्या. फिकट, कोरडा, कुरकुरीत असेल तर नशीब चांगलं. चहाच्या चोथ्यासारखा काळपट असेल, चिमटीत धरल्यावर गोळी होत असेल आणि जुन्या माठासारखा वास येत असेल, तर प्लाय गेलं. अशी चार-पाच भोकं पाडा. चांगलं निघालं तर इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा पक्का गोंद) भरून बुजवता येतात.

आता माझा सगळ्यात महागात पडलेला घोळ. कुजलेलं होतं बुचाजवळ, खालचं एक तृतीयांश. ज्या वर्कशॉपवर विश्वास ठेवला त्यांनी सुचवलं की तेवढंच कापून नवीन तुकडा बसवू, वरचं "एकदम कडक" आहे. मान डोलावली. प्लायमध्ये पाणी पापुद्र्यांच्या मधून सरकतं, हातभर पुढे गेलेलं असतं आणि हाताला कडकच लागतं. त्यावर नवीन फायबर चढवलं की ओल आत कोंडली जाते, वाळायला वाटच राहत नाही. शिवाय जुन्या-नव्या तुकड्यांचा सांधा नेमका इंजिनाच्या खालच्या बोल्टांच्या रेषेत आला, म्हणजे जिथे सर्वाधिक ताण तिथेच. दोन पावसाळ्यांत सगळं पुन्हा उघडावं लागलं, आणि तोवर वर रंग, जेलकोट (फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर), नवीन रेलिंग असं सगळं झालेलं. म्हणून माझं ठाम मत : ट्रान्सम बदलायचं तर अख्खं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ज्याला हे पटत नाही त्यानं माझ्याशी वाद घालू नये, मी पैसे भरून शिकलोय.

तुमच्या मापाच्या होडीचं ट्रान्सम साधारण साडेपाच फूट रुंद, वीस इंच उंच धरतो. १८ मिमीचं प्लाय दोन थर. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये दोन्ही तुकडे निघतात. प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचं, म्हणजे मरीन ग्रेड. आयएस ३०३ चं 'वॉटरप्रूफ' हे स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक आहे, होडीला नाही. आणि शिक्क्यावर विसंबू नका. एक वीतभर तुकडा कापून जुन्या पातेल्यात उकळत ठेवा. मानकात ७२ तास उकळण्याची चाचणी आहे, घरी सात-आठ तास पुरे. नकली माल तेवढ्यातच कडेला सुटायला लागतो. बायको ओरडेल, चूल बाहेर मांडा.

काम आतून करा. बाहेरची फायबरची कातडी शाबूत राहते, होडीचा आकार बिघडत नाही. आतलं फायबर ग्राइंडरनं कापून काढा, कुजकं प्लाय छिन्नीनं खरवडा आणि बाहेरच्या कातडीची आतली बाजू ४० नंबरच्या डिस्कनं चकाकी जाईपर्यंत घासा. चकाकी राहिली तिथे रेझिन (फायबर भिजवून कडक करायचं चिकट द्रव) धरत नाही. मग ॲसिटोननं पुसा. मास्क साधा कापडी नको, कार्ट्रिजवाला घ्या. काम झाल्यावर आधी गार पाण्यानं अंग धुवा. गरम पाणी घेतलंत तर रात्रभर खाजवत बसाल.

पुठ्ठ्याचा साचा काढून दोन्ही तुकडे कापा, कडांना पातळ रेझिनचे दोन-तीन हात द्या. कातडीवर ४५० ग्रॅमची मॅट (सुट्या काचतंतूंची चटई, वजन चौरस मीटरचं) रेझिननं भिजवून घ्या, त्यावर एरोसिल (घट्टपणा आणणारी हलकी पूड) घालून श्रीखंडाएवढं घट्ट केलेलं रेझिन पसरा आणि पहिला तुकडा दाबा. मग पुन्हा मॅट, दुसरा तुकडा. आरपार तात्पुरते बोल्ट आणि दोन्ही बाजूंना सागाच्या जाड पट्ट्या लावून आवळा, चारी बाजूंनी रेझिन बाहेर येईपर्यंत. कुठे आलं नाही तर तिथे पोकळी आहे. आवळल्यावर दोरी ताणून फळी सरळ आहे का पाहा, नंतर ती सरळ होत नाही.

तळाशी आणि बाजूंना जिथे प्लाय हुलला (होडीच्या अंगाला) भेटतं तिथे काटकोन ठेवू नका, मॅट तिथे उचलली जाते. पुट्टीनं इंचभर गोलाई द्या. मग ४५० ची मॅट आणि ६०० ग्रॅमचं रोव्हिंग (काचतंतूंचं विणलेलं जाड कापड) आलटून पालटून : मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट. पहिला थर तळावर आणि बाजूंवर सहा इंच चढवा, पुढचा प्रत्येक थर थोडा मागेपुढे संपवा, म्हणजे एकाच रेषेत पायरी तयार होत नाही. मॅट वजनाच्या अडीचपट रेझिन पिते, रोव्हिंग जवळजवळ वजनाइतकंच. सगळं धरून, वाया जाणारं मिळून, बारा ते पंधरा किलो आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर रेझिन लागेल. जनरल पर्पज स्वस्त असतं, घेऊ नका.

कॅटलिस्ट, म्हणजे रेझिन कडक करणारं द्रव, किलोला १५ ग्रॅम, म्हणजे दीड टक्का. एप्रिल-मेच्या उन्हात एक टक्का पुरतो. एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त कालवू नका, डब्यातच तापून धूर येतो. आणि हे मात्र नीट वाचा : कोबाल्ट (रेझिन कडक व्हायचा वेग वाढवणारं द्रव) आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, स्फोटासारखी प्रतिक्रिया होते. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग कॅटलिस्ट. दुकानदारानं रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलंय का ते विचारून घ्या.

हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरका. दमट हवेत मॅट दुधाळ होते, रेझिन चिकट राहतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, मग लोक म्हणतात तेव्हाच दुरुस्ती करू. इंजिनाची करा, फायबरची नको.

बोल्टांची भोकं ही शेवटची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. १२ मिमीचा बोल्ट असेल तर २० मिमीचं भोक पाडा, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीनं भरा, वाळलं की मधोमध १२ चं पाडा. आता बोल्ट प्लायला शिवतच नाही, सील गेला तरी पाणी इपॉक्सीलाच भेटेल. बुचाच्या भोकालाही हेच करा. सील पॉलियुरेथेनचं घ्या, सिलिकॉन नको. सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी पुन्हा काहीच धरत नाही. सेन्सर लावायचाच असेल तर पाण्याखाली राहणाऱ्या भागावर एक प्लास्टिकचा ठोकळा चिकटवा आणि स्क्रू त्या ठोकळ्यात मारा.

होडी तरंगत राहावी म्हणून फ्लोअरखाली भरलेला फोमही बघा. जुना फोम पाणी पितो, शंभर किलो सहज. ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेऊन आणा, नंतर रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा करा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. दोन सिलेंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये (आतल्या दाबात) १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर त्यावर खर्च करण्याआधी विचार करा. इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी वर ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) न बघता बदला, आणि जुन्याची पाती मोजा. एखादी तुटलेली असेल तर तो तुकडा वर पाण्याच्या वाटेत अडकलाय, तो काढल्याशिवाय नवा घालू नका. गिअर ऑइल दुधाळ असेल तर सील गेलेत. भरताना खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. पंपावरचं पेट्रोल आता ई-२० आहे, जुने रबरी पाइप आणि हातपंपाचा फुगा त्यानं मऊ पडतात, सरळ बदला. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, महिनाभर टाकीत राहिलं की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं. टू-स्ट्रोकमध्ये त्या थरात ऑइल नसतं, आणि इंजिन ओढतं तळातलंच. इंजिन 'अचानक' सीझ झालं म्हणतात त्यातले बरेच असेच. परतल्यावर पाइप काढून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवा, पाण्याचा पुरवठा चालू ठेवून. उरलेलं मिश्रण पुढच्या रविवारसाठी ठेवू नका.

मेकॅनिक फोर-स्ट्रोक घ्या म्हणतोय ना? त्या ताकदीचं शंभर किलोच्या आसपास जातं. जुन्या होडीच्या मागे ते पंचवीस-तीस किलो जास्त म्हणजे बुचाची जागा आणखी खाली, पाणी आणखी वर.

आणि इंजिन बदललंत तर त्याचा नंबर होडीच्या नोंदणीच्या कागदांवर चढवून घ्या, आधीच्या मालकाकडून विक्रीपत्र आत्ताच घ्या. एका कार्यालयात मला चार खेपांत चार वेगवेगळे कागद सांगितले, एकदाही लेखी यादी दिली नाही, आणि पाचव्या खेपेला कळलं की पहिल्या मालकाचं ना-हरकत लागतं. तो गाव सोडून गेलेला. असो. काय काय लागतं ते अर्ज करून लेखी मागा. नियम बदलतात, माझ्यावर विसंबू नका.

मुलांसाठी : जॅकेट त्यांच्या वजनाचं आणि पायांमधून पट्टा असलेलं, किल-स्विचची दोरी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी) चालवणाऱ्याच्या मनगटाला, दोन वल्ही, आणि फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४. तांबोशी मिळते म्हणून चिपळूणच्या बाजूला वर गेलात तर मुलांना पाण्यात पाय सोडू देऊ नका, वाशिष्ठीत मगरी आहेत.

रंगवाल्याला थांबायला सांगा. उद्या ती चार-पाच भोकं पाडा, भुगा कागदावर ठेवून उजेडात फोटो काढून इथे टाका, कुठल्या भोकातला कुठला ते लिहून. पुढचं त्यावर बोलू.