'का' आधी 'कधी'

प्रिय,

तुरुंगाच्या महिला बरॅकमधला तुझा कामाचा पहिला आठवडा, आणि पत्रात 'नाटक' हा शब्द तीनदा. तो तुझा नाही, ठाऊक आहे मला. कुणी स्वतःला इजा केली की तिथे सगळ्यांच्या तोंडी तोच असतो, तुला चिकटला. मलाही चिकटला होता.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका बाईने जेवणाचं ताट भिंतीवर आपटलं, मग स्वतःचं डोकं. शिक्षा म्हणून मुलाखत, म्हणजे घरच्यांची भेट, बंद. मी तासभर 'का केलंस?' विचारत बसले. ती पदराला गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. नंतर पाळणाघराचं रजिस्टर चाळताना दिसलं, तिच्या मुलीला दहा दिवसांनी सहा वर्षं पूर्ण होत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंतच राहतं. पुढे नातेवाईक, नाहीतर बालगृह. हे माझ्या टेबलावरच पडलेलं होतं!

तेव्हापासून मी आधी 'कधी' ते बघते. कोर्टाची तारीख पुढे गेली? सोबत न्यायला पोलीस पार्टी नाही म्हणून कोर्टात नेलंच नाही? मुलाखतीला कोण आलं होतं? पुरुषांसाठी आया-बायका डबे घेऊन रांग लावतात. बाई आत गेली की माहेरही गप्प होतं.

हातावर जखमा करून घेणारी प्रत्येक जण मरायलाच निघालेली नसते. 'डोकं शांत होतं' असं काही जणी सांगतात. म्हणून हलक्यात घेऊ नकोस. जिवाचं काही मनात आहे का, हे सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. फक्त 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नकोस, तो पाळता येत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ वाचून ठेव. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा धरून चालतो, आणि तिच्यावर उपचार करणं, तिला सावरणं हे सरकारचं काम ठरवतो. मुलाखत बंद करायला निघालेल्या साहेबांशी भांडू नकोस, हे कलम पुढे ठेव. रक्षक बायकांशी तर मुळीच भांडू नकोस. रात्री तिला पहिल्यांदा बघणार त्याच.

सोमवारी गेलीस की पाळणाघरातल्या सगळ्या मुलांच्या जन्मतारखा उतरवून घे. माझी वही पाठवते आहे, निम्मी कोरी आहे.

तुझी,
ताई